नसांचा डॉक्टर निवडताना

आपल्या मराठी भाषेत 'नस' हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे. रक्त वाहून नेते तीही नस, मानेत उसण भरली म्हणजे आखडते तीही नस, आणि मेंदूचा हुकूम बोटाच्या टोकापर्यंत पोहोचविणारा जो मज्जातंतू, त्यालाही आपण नसच म्हणतो. मुंबईस असताना ह्यामुळे फारसे अडत नसे. 'नसांच्या डॉक्टरकडे जा' असे ऐकून कोणी भलत्याच दारी गेला, तरी तेथील डॉक्टर त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकून घेई व योग्य दार दाखवून देई. येथे इस्राएलात मात्र दार आधीच निवडावे लागते. तोर मिळेपर्यंत महिने जातात, आणि चुकीच्या दारातून परतलेल्यास पुन्हा पहिल्यापासून रांग धरावी लागते. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहावेत असे मनात आले. मी डॉक्टर नव्हे; माझे आयुष्य बँकेतील हिशेबांत गेले. परंतु आईच्या आजारात २०१८ व २०१९ ह्या दोन वर्षांत जे पाहिले व जे विचारून घेतले, ते आपल्या समाजातील वृद्ध माणसांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

प्रथम नावांचा घोळ. मेंदू, पाठीचा कणा, मज्जातंतू व स्नायू ह्यांच्या विकारांचे निदान करून औषधोपचार करणारा तो न्यूरॉलॉजिस्ट, हिब्रूत 'नोयरोलोग'. मेंदूवर वा कण्यावर शस्त्रक्रिया करणारा तो न्यूरोसर्जन, हिब्रूत 'नोयरोखिरूर्ग'. मनाच्या विकारांचा तो 'प्सिखियातर'. आईसाठी शोधाशोध चालू आहे हे कळताच एका शब्बाथच्या प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या अंगणात मला पाच जणांनी पाच नावे दिली. प्रत्येकाचा डॉक्टर इस्राएलातील सर्वश्रेष्ठ होता. आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारक डॉक्टरांची नोंदवही असते. ती कोणालाही पाहता येते व तीत प्रत्येकाच्या विशेषज्ञतेचा उल्लेख असतो. तीत ती नावे ताडून पाहिली, तेव्हा पाचांतले एक न्यूरोसर्जन निघाले, एक हाडांचे, एक मानसोपचाराचे, एक लहान मुलांच्या मज्जाविकारांचे. पाचवे खरोखरच न्यूरॉलॉजिस्ट होते, पण त्यांचे सारे काम अपस्माराचे. सांगणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. ज्याला ज्या दारी गुण आला, तो तेच दार दाखविणार.

ह्या शास्त्राच्या आता कितीतरी फांद्या झाल्या आहेत. पक्षाघात, अपस्मार, पार्किन्सन व हालचालींचे इतर विकार, स्मृतिभ्रंश, मल्टिपल स्क्लेरोसिस, डोकेदुखी, स्नायूंचे विकार, ह्यांपैकी प्रत्येकास वाहून घेतलेले तज्ज्ञ असतात व मोठ्या रुग्णालयांत त्यांच्या निरनिराळ्या मिरपाआ चालतात. अर्धशिशी, हातापायांतील मुंग्या असल्या तक्रारींना आपल्या गावातील कुपात होलीमचा सर्वसाधारण न्यूरॉलॉजिस्ट पुरेसा आहे. किंबहुना तो जवळ असतो व पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून तोच बरा. पण निदान धूसर असेल, किंवा दिलेल्या औषधाने जेवढ्या दिवसांत गुण यावयास हवा तेवढ्यात तो येत नसेल, तर योग्य फांदी शोधावी. सोनारानेच कान टोचावेत अशी आपली म्हण आहे. येथे तर नथीचा सोनार वेगळा आणि पाटल्यांचा वेगळा.

आपल्या लोकांस 'प्रोफेसर' ह्या उपाधीचेही फार अप्रूप. ही उपाधी विद्यापीठ देते, ती संशोधनासाठी व अध्यापनासाठी. तो मान खरा आहे, परंतु ते संशोधन आपल्या आजारावर आहे काय, हे विचारल्याशिवाय त्या मानाचा रुग्णास उपयोग कळत नाही.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यात निवड करावयाचीच नसते. तोंड अकस्मात एका बाजूस वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर घड्याळात वेळ पाहून ठेवावी आणि १०१ फिरवून मागेन दावीद आदोमची रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून गुठळी ओढून काढतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनंतर हा उपाय काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. हे काम प्रत्येक रुग्णालयात होत नाही, व कोठे न्यावे ह्याचा निर्णय रुग्णवाहिकेवर सोडावा. मुलगा कामावरून गाडी घेऊन येईल म्हणून वाट पाहू नये. तोवर तोंडात साखरपाणीही घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत उतरते.

बाकीच्या आजारांत निवडीस वाव आहे, आणि तो आपण समजतो त्याहून मोठा आहे. १ जानेवारी १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा अमलात आला व क्लालित, मकाबी, मेउहेदेत आणि लेउमीत ह्या चारांपैकी एका कुपात होलीमचे सभासदत्व हा प्रत्येक रहिवाशाचा हक्क झाला. १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा व आपल्या वैद्यकीय कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क दिला. पूरक विमा, ज्यास शाबान म्हणतात, असल्यास खासगी तज्ज्ञाच्या सल्ल्याच्या खर्चातील काही भाग परत मिळतो. रुग्णालयातील मिरपाआत जावयाचे तर कुपात होलीमचे हितहायवूत, म्हणजे आपले सुप्रसिद्ध तोफेस १७, लागते. हे सर्व बहुतेकांस ठाऊक आहे. तरीही आपली जुनी पिढी दुसरे मत घेत नाही, कारण 'पहिल्या डॉक्टरसाहेबांस काय वाटेल?' डॉक्टरसाहेबांस काही वाटत नाही. त्यांच्या दाराबाहेर आणखी वीस माणसे बसलेली असतात.

आता आईविषयी. तिचा जन्म १९३८ चा, रेवदंड्याचा. शिक्षण माझगावच्या सर एली कदुरी शाळेत, मराठीतून. १९६८ साली आलिया करून ती दक्षिणेतील एका नव्या गावी आली व २४ वर्षे तेथील कापडाच्या कारखान्यात मोरोक्कोहून आलेल्या बायकांबरोबर उभी राहिली. तिची हिब्रू त्या कारखान्यातली आहे. भाव करण्यास, भांडण्यास व आशीर्वाद देण्यास पुरेशी. मोजणे, आठवणे, रागावणे व देवाजवळ गाऱ्हाणे सांगणे, हे सारे मराठीत.

२०१७ च्या सणांनंतर तिची चाल मंदावली. पावले आखूड पडू लागली, वळताना तोल जाऊ लागला, दोनदा ती स्वयंपाकघरात पडली. नावे विसरू लागली. २०१८ च्या जानेवारीत माझ्या भावाने तिला गावातील न्यूरॉलॉजिस्टकडे नेले. भाऊ बाहेर गाडीपाशी थांबला व आत दुभाषी म्हणून माझा भाचा गेला. त्याचे वय १९, सैन्यातून सुटीवर आलेला, मनाने सोन्यासारखा मुलगा. पण त्याची मराठी जेवणाच्या ताटापुरती. दहा-बारा मिनिटांत तपासणी आटोपली. अहवालात लिहिले होते की चाल पार्किन्सनसारखी आहे व शित्योन आहे. शित्योन म्हणजे स्मृतिभ्रंश, आपल्या बोलीत बुद्धी जाणे. स्मरणाच्या चाचणीत तिला ३० पैकी १७ गुण होते. लेवोडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या.

हा एक शब्द घरात आला आणि घराची भाषाच बदलली. बितुआह लेउमीकडे काय अर्ज करावा, बेत आवोतला महिन्याकाठी किती पडते, तिच्या नावावरची सदनिका विकावी काय, अशा चर्चा तिच्यासमोरच, पण हिब्रूत, होऊ लागल्या. ती ऐकत असे. एके दिवशी मी तिच्याकडे गेले तर तिने आपली सारी तांब्या-पितळेची भांडी कपाटातून काढून प्रत्येकास चिठ्ठी लावली होती: कोणता हंडा कोणत्या सुनेला, कोणते ताट कोणत्या नातीला, चिवल्याची कढई शेजारीण परत मागेल तर तिला. सतरा चिठ्ठ्या, वळणदार अक्षर, एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. ती पाहून माझ्या मनाने घेतले की जी बाई हा हिशेब करते, तिची बुद्धी गेली असे लिहिणाऱ्याने काहीतरी तपासावयाचे ठेवले आहे.

मी चाचणीच्या कागदाची प्रत मागविली. ही चाचणी जगभर वापरतात. ती १९७५ साली अमेरिकेतील फोल्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्यात वार, महिना, ऋतू विचारतात, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, शंभरातून सात-सात वजा करावयास लावतात, एक वाक्य लिहावयास सांगतात. ऋतू कोणता, ह्यास आईचे उत्तर होते 'पावसाळा'. इस्राएलात जानेवारीत पाऊस पडतो, तेव्हा ह्यात खोटे काय? पण कागदावर 'होरेफ', म्हणजे हिवाळा, हवा होता, गुण शून्य. शंभरातून सात तिने हिब्रूत मोजावे अशी अपेक्षा होती, ती दुसऱ्याच वजाबाकीला अडखळली. घरी मी विचारले तेव्हा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असे तिने भाजी निवडता निवडता म्हणून दाखविले. आणि लिहिलेले वाक्य? कागदाच्या तळाशी तिच्या हातचे मराठी वाक्य होते: 'मुलगा बाहेर सकाळपासून उपाशी उभा आहे.' कर्ता आहे, क्रियापद आहे, काळजीही आहे. वाचता न आल्याने त्यासही शून्य.

चाचणी वाईट नाही. परंतु एका भाषेतील व एका शिक्षणाच्या मापाची चाचणी दुसऱ्यास जशीच्या तशी लावता येत नाही, ही गोष्ट भारतातील शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखली. हरियानातील बल्लभगड येथे लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्ध ग्रामस्थांसाठी ह्याच चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले व ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात नुसते भाषांतर नव्हते, प्रश्नच त्या माणसांच्या जगण्याला जुळतील असे बदलले होते.

तीन महिने गोळ्या घेऊन चालीत काडीचा फरक पडला नाही. मळमळ तेवढी वाढली. तेव्हा मी आईला घेऊन तिच्या कुटुंबडॉक्टरकडे गेले. ह्या बाई १९९० नंतरच्या रशियन आलियातल्या. भाषेचे दुखणे त्यांस सांगावे लागले नाही. त्यांच्या स्वतःच्या आईचीही परीक्षा एकदा हिब्रूत झाली होती. त्यांनी मला विचारले, लघवीवर ताबा आहे काय? मला ठाऊक नव्हते. आईस एकांतात विचारले तर ती म्हणाली, "अगो, चार महिने झाले, दारापर्यंत पोचत नाही मी." मग न्यूरॉलॉजिस्टने विचारले तेव्हा सांगितले का नाहीस? ती माझ्याकडे पाहतच राहिली. "नातवाच्या तोंडून सांगू?"

पडल्यानंतर काढलेल्या डोक्याच्या सी. टी. च्या अहवालात मेंदूतील पोकळ्या मोठ्या दिसत असल्याचे लिहिले होते व पुढे 'वयोमानाप्रमाणे' हा शब्द जोडलेला होता. कुटुंबडॉक्टरबाईंनी जे पत्र लिहिले ते माझ्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद. बहुतेक पत्रांत 'तपासणीसाठी' एवढेच असते. ह्यांनी प्रश्न लिहिला: चाल प्रथम बिघडली, नंतर लघवी, नंतर स्मरण, पोकळ्या मोठ्या आहेत, लेवोडोपाचा उपयोग नाही, मेंदूत पाणी साचले आहे काय? रुग्ण मराठी बोलते, मुलगी दुभाष्याचे काम करील.

आता कोणाकडे जावे? भावाचे मत, खर्च झाला तरी चालेल, एका नामांकित प्रोफेसरांकडे खासगी न्यावे. ते मल्टिपल स्क्लेरोसिसचे अधिकारी पुरुष होते. आईच्या चालीशी त्यांच्या कीर्तीचा संबंध नव्हता. ठाण्याच्या मामेभावाचा आग्रह, मुंबईस घेऊन या, येथे डॉक्टर तिच्याशी मराठीत बोलतील. ह्या सूचनेने माझे मन खरोखर हलले. पण ८० वर्षांची बाई, विमानाचा प्रवास, आणि असल्या विकारात उपचारानंतर वर्षानुवर्षे करावी लागणारी देखरेख, हा विचार करून तो बेत सोडला. शेवटी मध्य इस्राएलातील तीन रुग्णालयांच्या हालचालींच्या विकारांच्या मिरपाआत मी दूरध्वनी केले व तिन्ही ठिकाणी सेक्रेटरींस तेच विचारले. पहिली भेट किती मिनिटांची असते? पुढच्या वेळी हेच डॉक्टर भेटतील की जो हजर असेल तो? चालीच्या विकारासाठी पाठीतून पाणी काढून पाहण्याची चाचणी तुमच्याकडे होते काय? एका ठिकाणी ह्या प्रश्नांचा राग आला. दुसरीकडे पंधरा मिनिटे सांगितली. तिसरीकडील बाईंनी सांगितले की पहिली भेट पाऊण तास ते एक तास, सी. टी. ची डिस्क आणा, नुसता अहवाल चालणार नाही. आणि आई घरात चालते, वळते, खुर्चीतून उठते ह्याचे मोबाइलवर चित्रण करून आणा. डॉक्टर प्रोफेसर नव्हते. तोर चार महिन्यांनी, सप्टेंबरात मिळाला. आम्ही तो घेतला, आणि कोणी रद्द केला तर बोलवा म्हणून दर सोमवारी दूरध्वनी करीत राहिलो. त्यामुळे तो ऑगस्टच्या आरंभी आला.

हे डॉक्टर साठीच्या घरातले होते. त्यांनी प्रथम मला सांगितले, "ती जे म्हणते तेच सांगा. सुधारू नका, नीटनेटके करू नका." मग आईस विचारले, पायांस काय होते? आई म्हणाली, "पाय जमिनीस चिकटतात. उचलावेत म्हटले तर मलाच विचारतात, कशाला?" मी शब्दशः सांगितले: हारगलायिम निदबाकोत लारित्स्पा. त्यांनी लेखणी खाली ठेवली व ते वाक्य मला पुन्हा म्हणावयास लावले. भाच्याने जानेवारीत हेच वाक्य 'कोअवोत ला हारगलायिम', पाय दुखतात, असे सांगितले होते. पाय दुखणे शंभर रोगांत असते. जमिनीला चुंबक लावल्यासारखी चाल फार थोड्यांत असते.

त्यानंतर तपासणी. छोटी हातोडी गुडघ्यावर, तळव्यावर टोकदार काडी, घोट्यावर कंप पावणारा चिमटा, डोळ्यांची हालचाल, आणि मग दवाखान्याबाहेरच्या लांब गलियाऱ्यात चालणे. जाताना, वळताना, परत येताना ते तिच्याबरोबर वाकून तिची पावले पाहत होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, परत येऊन बसण्याची एक प्रमाणित चाचणी आहे. आईस त्याला ४१ सेकंद लागले. परतताना आई मला म्हणाली, "हातोडी सोनाराची दिसते, पण हात हलका आहे." आईचा ह्या डॉक्टरांवरील विश्वास तेथून सुरू झाला. माझा गलियाऱ्यापासून. चालण्याच्या तक्रारीसाठी गेलेल्या रुग्णास जो डॉक्टर चालवून पाहत नाही, त्याच्याकडे कितीही थोर उपाध्या असोत, दुसरे मत अवश्य घ्यावे.

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. मेंदूत व मेंदूभोवती एक नितळ पाणी सतत वाहते. कोणत्याही क्षणी ते सुमारे १५० मिलिलीटर असते, पण दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलीटर नवे तयार होते व जुने शोषले जाते. हे शोषण मंदावले की मेंदूच्या पोकळ्या फुगतात. पाठीतून दाब मोजावा तर तो मात्र साधारणच भरतो. कोलंबियातील बोगोटा शहरीचे न्यूरोसर्जन सालोमोन हकीम ह्यांनी हा विकार ओळखला व १९६५ साली रेमंड अॅडम्स ह्यांच्यासमवेत त्यावर लिहिले. चाल, लघवी, स्मरण ही त्याची तीन लक्षणे; चाल बहुधा आधी. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश किंवा नुसते म्हातारपण समजून तो पुष्कळदा निसटतो. निसटू नये, कारण काही रुग्णांत तो उपायाने उतरतो.

माझ्या मनात तेव्हापासून एकच विचार घोळत राहिला. तीन लक्षणांपैकी एक भाषांतरात बदलले होते, दुसरे नातवाच्या लाजेखातर गिळले गेले होते, आणि तिसरे परक्या भाषेत मोजले गेले होते.

डिसेंबरात पाठीतून सुईने ४० मिलिलीटर पाणी काढण्यात आले. काही तासांनी तीच खुर्चीची चाचणी पुन्हा घेतली, २७ सेकंद. "टाकी भरली होती म्हणायची," आई म्हणाली. मग दुसरी निवड करावी लागली, न्यूरोसर्जनची. डॉक्टरांनी दोन नावे दिली व सांगितले की ही शस्त्रक्रिया ते वर्षाकाठी किती करतात व गुंतागुंत झाल्यास कोणास बोलवावयाचे, हे दोघांनाही विचारा. २०१९ च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. मेंदूतील पोकळीतून एक बारीक नळी कातडीखालून पोटात आणतात. मध्ये एक झडप असते, तिचा दाब बाहेरून यंत्राने कमीअधिक करता येतो. ह्या झडपांपैकी काहींचा दाब एम. आर. आय. च्या चुंबकाने बदलू शकतो, म्हणून झडपेचे कार्ड आई पर्समध्ये जपते व एम. आर. आय. च्या वेळी प्रथम तेच दाखविते. धोके आम्हांस आधी सांगितले होते: कवटीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी तुंबणे. आणि सर्वांनाच गुण येतो असे नाही, हेही.

आईस आला. पेसाखला ती काठी घेऊन सिनेगॉगच्या पायऱ्या चढली. लघवीचा ताबा बराचसा परतला. स्मरण सर्वांत कमी सुधारते असे डॉक्टरांनी बजावले होते, व तसेच झाले. माझ्या मध्यस्थीने मराठीत घेतलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी २२ गुण होते, सहा महिन्यांनी २५. नावे ती अजूनही विसरते. सदनिका विकण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. भांड्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र तिने तशाच ठेवल्या आहेत. "लिहिलेले राहू दे," म्हणते, "कधीतरी लागणारच."

वाचकांपैकी काहींस न्यूरॉलॉजिस्टचा एक प्रश्न खटकतो: 'कोणत्या एदातले?' १९६० च्या दशकात आपल्या यहुदीपणाविषयी जे प्रश्न आपणांस ऐकावे लागले, त्यांची जखम अजून ओली आहे, म्हणून हा प्रश्न अंगावर येतो. येथे मात्र त्याचा हेतू निराळा असतो. पार्किन्सनशी निगडित काही जनुकीय बदल अश्केनाझी कुटुंबांत अधिक आढळतात; स्नायूंचा एक विशिष्ट विकार इराणी यहुद्यांत, पापण्या व गिळणे ह्यांचा एक बुखारी यहुद्यांत, तर मेंदूचा एक दुर्मिळ व घातक आनुवंशिक रोग लिबियातून आलेल्यांत. तेव्हा मोकळेपणाने सांगावे: आम्ही बेने इस्राएल, कोकणचे. आणि न विचारता आणखी तीन गोष्टी सांगाव्यात. घरात मांस किती खातात. कारण बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मुंग्या येतात, चाल व स्मरणही बिघडते, आणि ती साध्या रक्ततपासणीत कळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किती वर्षे चालू आहे. त्यानेही बी-१२ उतरते. आणि भारतात अलीकडे कधी जाऊन आलो. पहिल्यांदाच फिट आलेल्या माणसाने ही शेवटची गोष्ट विशेषेकरून सांगावी. डुकराच्या मांसातील कृमींचा मेंदूविकार आपणांस कसा होईल, असे कोणी म्हणेल. परंतु त्या कृमींची अंडी बाधित माणसाच्या हातून कोणाच्याही अन्नात जातात, व न्यू यॉर्कच्या सोवळ्या यहुदी कुटुंबांतही हा विकार आढळल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले आहे.

फिटवरून आठवले. आपल्यात फेफरे अजून लपवितात, मुलीचे लग्न मोडेल म्हणून. परगावच्या डॉक्टरकडे गुपचूप नेतात व दोन वर्षांत चार डॉक्टर बदलतात. त्यामुळे कोणाजवळच पूर्ण हकिकत राहत नाही. ह्या आजारात तर निवडलेल्या एकास धरून राहणे हाच अर्धा उपचार.

शेवटी शब्दांविषयी, कारण ते आपल्याच हाती आहे. 'चक्कर येते' ह्याचे कोणी सरसकट 'सखरखोरेत' असे भाषांतर करतो. डॉक्टरला तीन निरनिराळ्या गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात: घर गरगर फिरते काय, डोळ्यांपुढे अंधारी येते काय, की डोके ठीक असून पाय डळमळतात? ह्या तिन्हींची कारणे वेगळी, तपासण्याही वेगळ्या. मराठीत तिन्हींसाठी स्वतंत्र शब्द आहेत. दुभाष्याने ते तिन्ही सांगावेत. आणि 'मुंग्या येतात' हे सांगावयास लाजू नये, की हिब्रूत हे चमत्कारिक वाटेल. हिब्रूतही त्यास निमूल म्हणतात व तो शब्द नेमाला, म्हणजे मुंगी, ह्याच्याच घराण्यातला आहे. मी असे चाळीस-पन्नास शब्द एका वहीत लिहून ठेवले आहेत. संपादकमहाशयांनी जागा दिल्यास पुढील अंकी पाठवीन. रुग्णालयांत रशियन, अरबी, अम्हारी पत्रके मी पाहिली. मराठीचे एकही पाहिले नाही. तेव्हा दुभाष्याचे काम घरच्यांनीच करावयाचे. फक्त आजीसाठी मुलगी वा सून न्यावी आणि आजोबांसाठी मुलगा, आणि डॉक्टरांस दोन मिनिटे नातेवाइकांविना मागून घ्यावीत.

आमचे ते डॉक्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांनी जाताना एक लांब पत्र करून दिले, झडपेच्या दाबाच्या सर्व नोंदींसह, आणि त्याच मिरपाआतील एका तरुण बाईंचे नाव सुचविले. मी सेक्रेटरींस तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. तोर सुक्कोथनंतरचा आहे. नव्वदीकडे झुकलेल्या आईने एवढेच विचारले की नव्या डॉक्टरीणबाईंकडेही तो लांब गलियारा आहे ना.